बाबलीचं घड्याळ

“खरं आहे की नकली, तेवढं सांगा,” फौजदार म्हणाले.

दाजींनी डोळ्याला भिंग लावलं, पातळ पातं घालून मनगटी घड्याळाचं मागचं झाकण उचकटलं आणि त्यांचा हात जागच्या जागी थांबला. आतलं यंत्र हलू नये म्हणून त्याभोवती पत्र्याची कडी बसवलेली होती. बिस्किटाच्या डब्याचा पत्रा, कातरीने कापून कानशीने घासलेला. तीन वर्षांपूर्वी आपल्याच पडवीत बसून दाजींनी ती स्वतः घासली होती. हे बाबलीचं घड्याळ होतं.

“नकली,” ते म्हणाले. तेवढं तरी खरंच होतं.

घड्याळ तोंडवळीच्या किनाऱ्याला लागलेल्या एका मयताच्या मनगटावर सापडलं होतं. आठ दिवस पाण्यात राहिलेलं मयत. चेहरा ओळखण्यापलीकडे गेलेला, अंगावर कपडा नाही. त्या वादळात एक नाही, तीन गलबतं बेपत्ता होती. बाबली कुबल मंगळूरहून कौलं घेऊन निघाला होता, तो त्यातल्याच एकावर. आणि असली घड्याळं तर गोव्यातून टोपलीभर येत. तिथे अजून पोर्तुगीजांचा अंमल होता. तबकडीवर स्वित्झर्लंडचं थोर नाव आणि पोटात टिनपाट यंत्र. किनाऱ्यावरच्या निम्म्या खलाशांनी ती हौसेने मनगटावर बांधली होती. त्यामुळे घड्याळ नकली निघालं, एवढ्यावरून मेलेला कोण हे फौजदारांना कळण्यासारखं नव्हतं. ते फक्त दाजींना कळलं होतं.

दाजी मालवणच्या पोस्टात तारबाबू होते. या नकली घड्याळांचा त्यांना भारी नाद. कोणी अस्सल घड्याळ आणलं, तर ते सरळ कणकवलीच्या घड्याळजीकडे पाठवून देत. नकली मात्र प्रेमाने उघडत. एखाद्या मोडक्या पण चांगल्या घड्याळातलं यंत्र काढून त्यात बसवत, काटे रंगवत, आणि ते सोंग वेळ नीट दाखवू लागलं की एखाद्या पोरासारखे हसत. बाबलीचं उघडलं, तेव्हा बाबलीचा चेहरा पडला होता. साऱ्या बंदरावर त्याने अस्सल सोन्याचं म्हणून मिरवलं होतं, आणि घरी नवी नवरी होती.

“दाजीनू, ह्यां घराकडे कळाक नये हां,” तो तेव्हा म्हणाला होता. दाजींनी आजवर तो शब्द पाळला होता.

“मगे तां तेंचां न्हय,” दाराशी उभी असलेली बाबलीची बायको बोलली. शेवंती दाजींची शेजारीण. सकाळी दाजीच तिला चौकीवर घेऊन आले होते. तिचा आवाज स्थिर होता. “सायब, तेंचां खरां होतां. दाजीनी उघडून बघलेलां. तेंकाच इचारा.”

फौजदारांनी दाजींकडे पाहिलं.

दाजींनी आयुष्यात कोणाला खोटं सांगितलं नव्हतं. कितीही वाईट तार असो, बायाबापड्यांना ती ते जशीच्या तशी वाचून दाखवत. दारात बसून सोबत रडत, पण शब्द बदलत नसत. आज मात्र त्यांनी आधी शेवंतीकडे पाहिलं. दर्यात गेलेल्याचं मयत मिळालं नाही, तर गाव बारा वर्षं त्याची वाट पाहतं, आणि तोवर त्याची बायको सवाशीण राहते. शेवंती तेवीस वर्षांची होती. मेलेला तर गेलाच. त्याला पोलिसांनी मूठमाती दिली काय नि घरच्यांनी अग्नी दिला काय, तो काही विचारायला येणार नाही. या मुलीला बारा वर्षं तरी मिळतील. दाजींना बाबलीची दया आली, पण शेवंतीची त्याहून जास्त आली.

त्यांनी झाकण दाबून बंद केलं. भिंग डोळ्यावरून काढायला मात्र ते विसरले.

“बाबलीचं अस्सल होतं,” ते म्हणाले. “मी आतून पाहिलंय. हे दुसऱ्या कोणाचं तरी आहे.”

“म्हणजे बेवारस.” फौजदारांनी निःश्वास सोडला आणि टाक दौतीत बुडवला.

शेवंती दारातून पुढे आली. टेबलाची कड तिने दोन्ही हातांनी धरली. तिला रडू आलं नव्हतं, पण ओठ पांढरे पडले होते.

“बेवारस लिवू नकात, सायब. ते आमचे.”

“बाई, आत्ता तुम्हीच म्हणालात, त्यांचं खरं होतं म्हणून.”

“तेंचां नकलीच होतां. लग्न झाल्यार म्हयन्याभरात तेंनीच माका सांगल्यानी. गावात तेंचो मान ऱ्हवाचो म्हणान मी सगळ्यांका खरां म्हणान सांगी.” ती दाजींकडे वळली. तिच्या नजरेत राग नव्हता. म्हाताऱ्या माणसाला उन्हात उभं केल्याचं वाईट वाटावं, तसं काहीतरी होतं. दाजींनी मान खाली घातली.

“सायब,” ती म्हणाली, “ह्यां घड्याळ दुसऱ्या कोणाचां असतां, तर दाजी खोटां बोलले नसते.”