हिरवी पाटी

"आई, तपासणीवाल्याला घाण पाणीच द्यायचं होतं ना!" मी ओरडलो.

"दारात आलेल्या माणसाला तसलं पाणी देऊ? काय म्हणेल तो? शाळा सोडलीस, आता मला शिकवतोस!"

आमच्या नळाच्या पाइपात गटार शिरतं. चिमीचं, माझ्या बहिणीचं, पोट त्यानंच सारखं बिघडतं. नवा पाइप टाकायला सरकार पैसे देतं, फक्त पाणी तपासणीत नापास व्हायला लागतं. गॅस परवडत नाही म्हणून आम्ही रोज न उकळताच पितो, पण माणूस येणार म्हणून आईनं सकाळीच पाणी उकळून, गाळून ठेवलेलं. तो आला आणि पायरीवर बसून फोन बघत म्हणाला, "ताई, एवढी बाटली भरून द्या." आईनं तेच पाणी दिलं.

मी शाळेत कधी पास झालो नाही, आमचं पाणी मात्र पहिल्या फटक्यात पास! मदत नामंजूर. वर आज दुपारी नळावर हिरवी पाटी ठोकून गेले, 'पिण्यास योग्य'.



जातो, थांबायला वेळ नाही. पाटी वाचून शेजारची काकू तान्ह्या बाळाची बाटली आमच्या नळाखाली धरून उभी आहे.