नवाबाची खोली

"दार लावा आधी, गारवा जायलाय सगळा," म्हणत तानुबाईनं शेजारच्या रतनबाईला हाताला धरून खोलीत ओढलं. "आता बगा. उठलाय नवाब."

काचेच्या पेटीत एक मूठभर तपकिरी प्राणी मागच्या दोन पायांवर उभा राहून सूर्यफुलाचं बी सोलत होता. डोळे काळेभोर, शेपटीच्या टोकाला केसांचा झुपका. रतनबाई मोशीच्या जुन्या गावातली. भुईमुगाच्या वावरात उंदरांशी जन्मभर वैर धरलेली बाई. तिनं कपाळावर हात मारला.

"ह्यो उंदीर हाय तानुबाई. आन ह्येला एसी?"

"उंदीर न्हवं, जर्बिल म्हणतेत त्याला. बर्फाच्या डोंगरातला हाय. खोली तापली की जीव जातो त्याचा. शेखरनं सांगितलंय मला."

शेखर म्हणजे तिचा लेक, चाकणच्या एका कंपनीत सुपरवायझर. मागच्या वर्षी त्यानं हौसेनं एसी आणला, तर तानुबाई दोन दिवस जेवली नव्हती. लातूरकडच्या पत्र्याच्या घरात चाळीस उन्हाळे काढलेली बाई ती, तिला असली थेरं कुठून मानवणार? शेवटी एसी खोक्यासकट दुकानात परत गेला. यंदा मात्र तसाच एसी नवाबासाठी आला आणि तिनं स्वतःच्या हातानं त्याला हळदकुंकू वाहिलं.

नवाबाचे नियम शेखरनं तिच्याकडून पाठ करून घेतले होते. अकरा ते पाच खोलीचं दार उघडायचं नाही. खोलीत सतत माणूस पाहिजे, कारण एकटा राहिला की हा प्राणी खंगतो. म्हणून तानुबाईनं तांदूळ निवडणं, वाती वळणं, दुपारची झोप, सगळा बाडबिस्तरा नवाबाच्या खोलीत हलवला होता. दुपारी जेवणाच्या सुट्टीत शेखरचा फोन यायचा.

"दोघं आत आहात ना, आई?"

"आतच हावोत रे. कितींदा विचारशील?"

शेखर मोठा झाल्यापासून तिच्या हाताखाली वाढवायला कुणी उरलं नव्हतं. आता पुन्हा एक जीव मिळाला होता आणि ती नुसती हरखून गेली होती. सोसायटीतल्या बायका नवाबाला बघायला यायच्या, तेव्हा तानुबाई चांगलाच भाव खायची.

"पाणी थेंबभर पितो," ती आता रतनबाईला सांगत होती. "आन आंघोळ वाळूत. बर्फाच्या मुलखात पाणी गोठलेलं, आंघोळ करावी कशानं बिचाऱ्यानं? गारव्यात झोप तर अशी लागती, कागदाचे सगळे तुकडे अंगावर ओढून घेतो."

"नशीब काढलं उंदरानं," रतनबाई म्हणाली, आणि उठायचं नाव न काढता एसीच्या झोतात पाय पसरून बसली.

गुरुवारी घात झाला.

या पट्ट्यात गुरुवारी कारखान्यांना सुट्टी, आणि दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायची तीही बहुतेक गुरुवारीच. एरवी शेखर घरी असायचा. त्या गुरुवारी त्याला ओव्हरटाइम लागला, सूनबाई माहेरी, आणि साडेअकराला एसी बंद पडला.

तानुबाईनं पडदे ओढले. फ्रीजमधली बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून पेटीला टेकवली. एक वाजेपर्यंत बर्फाचं पाणी झालं आणि खोलीची भट्टी. शेखरला सात वेळा फोन लावला, पण कामावर फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, आणि जेवणाची सुट्टी दोनला.

दीड वाजता नवाब कागदांतून बाहेर आला आणि चारी पाय ताणून वाळूत सपशेल आडवा झाला.

इतके दिवस तो गोळा होऊन झोपायचा, असा कधी पसरला नव्हता. "नवाबा, आरं लेकरा," तिनं काचेवर टकटक केलं. त्यानं एक डोळा किलकिला केला आणि पुन्हा मिटला.

मग ती थांबली नाही. त्याला छोट्या पिंजऱ्यात घातलं, पिंजऱ्याभोवती ओला पंचा गुंडाळला, छत्री घेतली आणि चार जिने उतरली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, रिक्षा तर नाहीच. जनावरांचा दवाखाना दोन चौक पुढे होता. नवाबाची पहिली तपासणी तिथल्याच डॉक्टर तेजलनं केली होती.

छत्री तिनं पूर्ण पिंजऱ्यावर धरली. भाजीच्या गाड्यांच्या कोपऱ्यावर, मागच्या मे महिन्यात उन्हानं चक्कर येऊन जिथं ती पडली होती तिथं, डोळ्यांपुढं काजवे चमकले. विजेच्या खांबाला टेकून तिनं दहा आकडे मोजले आणि पुन्हा पाय उचलले. "आलोच बग, आलोच," ती पंच्याला सांगत होती.

दवाखान्यात इन्व्हर्टरवर पंखा चालू होता. तानुबाईनं पिंजरा टेबलावर ठेवला.

"डाक्टरीणबाई, वाचवा ह्याला. दोन तास झाले लाइट नाही. जायलाय माझं लेकरू."

डॉक्टर तेजलनं पिंजऱ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तिनं तानुबाईला खुर्चीत बसवलं, पंखा तिच्याकडं वळवला आणि ओला टॉवेल तिच्या मानेवर ठेवला. मग मीठसाखरेचं पाणी कालवायला घेतलं.

"मला काय धाड भरलीय? त्याला बगा आधी," तानुबाई उठायला लागली.

तेजलनं तिला खांद्याला धरून परत खाली बसवलं आणि पेला तिच्या ओठांना लावला.

"प्या आजी, गप प्या. तो वाळवंटातला उंदीर आहे, त्याला ऊन बाधत नाही. तुमच्या शेखरनं मला विचारून विचारून तसलाच निवडला होता."