कोल्हापूर ते नागपूर, थेट

"कोल्हापूरहून नागपूरला विमानाने किती वेळ लागतो हो?" लताने विचारलं, तेव्हा भाऊरावांचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला. घाटकोपरच्या त्यांच्या छपरावरून दिवसभर विमानं उतरणीला लागत. इतक्या वर्षांत हिने कधी मान वर करून पाहिलं नव्हतं.

"लिफ्टमध्ये डोळे मिटून घेतेस, आणि विमानात बसणार?"

"बघा ना मोबाईलमध्ये."

त्यांचंही कुतूहल चाळवलं. त्यांनी शोधलं. "सरळ अंतर सातशे किलोमीटरच्या आसपास. तास-दीड तास."

"आणि मध्ये मुंबई लागते?"

"मुंबई कशाला लागेल? थेट जातं."

"थेट," ती स्वतःशीच म्हणाली, अनोळखी फळाची चव जिभेवर घोळवावी तशी.

इतक्यात कोल्हापूरहून प्रबुद्धचा फोन आला. बहिणीशी अबोला धरल्यापासून तो तिची खुशाली आईकडूनच घेत असे. आणि नागपुरातली संघमित्रा त्याची.

"आई, ताईचा गुडघा कसा आहे गं आता?"

"मला काय माहीत? तिलाच विचार," म्हणून लताने फोन ठेवून दिला.

भाऊराव हादरले. "अगं, काय केलंस हे! होतं तेवढंही तुटेल ना!"

त्यांनी घाईघाईने लेकीला फोन लावला. एंगेज. लेकाला लावला. तोही एंगेज. पुन्हा दोघांनाही लावून पाहिला, तेच. मग मात्र त्यांनी मोबाईल अगदी हळूच खाली ठेवला, शेजारी तान्हं मूल निजलेलं असावं तसा.