सत्तर किलोमीटर, वीस मिनिटं

अगं तुलुगाक, फोनवर हळू बोल, नुसतं ऐक! सानिरायाकहून इथे इग्लूलिकला सत्तर किलोमीटर, विमानाला वीस मिनिटं. ताईचा फोन आला, "विमानात बसतेय गं." बरोबर विसाव्या मिनिटाला दार वाजलं. आपल्यात दार कोण वाजवतं? फक्त पोलीस! बाकी सगळे सरळ आत येतात ना! दारात ताई. मी म्हटलं, "काय गं, पोलीस झालीस का?" ती हसलीच नाही. माझं बाळ उचलून तिनं आपल्या अंगरख्याच्या पाठीवरच्या, बाळ ठेवायच्या टोपीत बसवलं.

मग पुन्हा फोन. ताईच! "अगं, धुकंय इथे. विमान सुटलंच नाही."

ही आत्ता दाराशी बूट घालतेय. म्हणते, "जरा फिरवून आणते याला."

बाळ टोपीतून माझ्याकडेच बघतंय.

लवकर सांग, तू असतीस तर काय केलं असतंस?