आधी जन्म, मग मृत्यू

"लेफ्टनंट आलाय," दालिया खिडकीचा पडदा सोडत म्हणाली. "चांगला उजेडात, सगळ्यांदेखत. एवारिस्तोकाकांच्या बाकावर बसून कॉफी पितोय."

सेफेरिनाच्या हातातलं केळं अर्धं सोललेलंच राहिलं. समोरच्या एका खोलीत गावाचं रेडिओ केंद्र होतं. सकाळी सातला एवारिस्तो तिथून दिनविशेष वाचायचा. आजच्या तारखेला कोण थोर जन्मला, कोण गेला, जगात काय घडलं. मग गावातले वाढदिवस, मेलेल्यांसाठीच्या प्रार्थना, हरवलेल्या गायी. परक्या नावांचे उच्चार तो मनाला येतील तसे ठोकून देई, आणि दिवसभर पारावर त्यावर वाद चालत. पण नदीकाठच्या गावांत दिनविशेषाशिवाय कुणाचा दिवस उजाडत नसे.

दलदलीत लपलेला ओक्तावियोही तो रोज ऐकत होता.

ओक्तावियो हा सेफेरिनाचा एकुलता एक मुलगा, दालियाचा नवरा. जंगली बदाम फोडणाऱ्या बायाबापड्यांची त्याने संघटना काढली, एवढाच त्याचा गुन्हा. लष्कराने सत्ता घेतली आणि तो पळाला. त्यानंतर जन्मलेली मुलगी त्याने अजून पाहिली नव्हती. एकदा घरी यायचं, तिला उचलून घ्यायचं आणि नदीपलीकडे ब्राझीलमध्ये निघून जायचं, एवढंच त्याला हवं होतं. सापडला तर गोळी, यात कुणाला शंका नव्हती.

एवारिस्तो त्याचा धर्मपिता. सेफेरिना मदत मागायला गेली तेव्हा त्याने तिला वाक्यही पुरं करू दिलं नव्हतं.

"ताई, तारीख कुठलीही काढ, जन्मलेले आणि मेलेले दोन्ही सापडतात," तो म्हणाला होता. "वाट मोकळी असली की मी आधी जन्म वाचीन. धोका असला तर आधी मृत्यू."

ही खूण आणि यायची आजची तारीख ओक्तावियोला कळवली दालियाने. मासे आणायला ती धक्क्यावर जाई. तिथल्या एका म्हाताऱ्या कोळ्याच्या कानात निरोप घातला की तो दलदलीत पोचे. कुठे पोचवतो, हे मात्र कोळी मेला तरी सांगणारा नव्हता. सेफेरिनाला स्वतःला जाणं शक्यच नव्हतं. तिच्या मागे एक शिपाई सावलीसारखा फिरायचा, अगदी चर्चमध्येसुद्धा. सुनेच्या मागे कुणी नव्हतं. सेफेरिनाला यात माता मारियेची कृपा दिसायची. मागच्या महिन्यात लष्कराने धरून नेलेला दालियाचा भाऊ बराकीतून सुटून घरी आला, तेव्हाही तिने मारियेपुढे मेणबत्ती लावली होती.

"एवारिस्तोला दिसला असेल ना गं तो मुडदा?" तिने विचारलं.

"न दिसायला काय झालं? दारातच मांडी ठोकून बसलाय." दालियाने बाळाला झबलं घातलं. "आणि आज बोलिव्हारची पुण्यतिथी आहे, आई. काकांनी आधी ती वाचली तर कुणाला वावगंही वाटायचं नाही."

"तू आहेस म्हणून निभावतंय बघ. माझं तर डोकंच चालेनासं झालंय."

बाळाला कडेवर घेऊन दालिया उठली. "हिला माझ्या आईकडे ठेवून येते. उगाच शिपाई घरात शिरले तर घाबरायची."

"जा, जा. तूही थांब तिकडेच जरा."

सात वाजले. सेफेरिनाने रेडिओचा कान पिळला आणि त्याच्यासमोर उभी राहिली. बसायचं तिला सुचलं नाही.

"मंडळी, आज सतरा डिसेंबर," एवारिस्तोचा आवाज आला. "ज्याचं नाव आपण देशाला दिलं, तो मुक्तिदाता सिमोन बोलिव्हार आजच्याच दिवशी निवर्तला. त्याला आपला दंडवत."

आवाज जरासुद्धा हलला नाही. मग त्याने खाणकामगारांसाठी दिवा शोधणाऱ्या हम्फ्री डेव्हीचा जन्म सांगितला, त्याचं नाव यथेच्छ मोडून. मग विमान उडवणारे दोघे भाऊ. सेफेरिनाला पुढचं ऐकूच आलं नाही. ती ओंजळीत तोंड घालून रडली. यायचा नाही आता. नाही बघितली मुलगी तर नाही बघितली, जीव तर राहिला.

थोड्या वेळाने लेफ्टनंट उठला. तिच्या दारावरून जाताना त्याने टोपीला हात लावला.

"काय मावशी, बरं आहे ना?"

"देवाच्या दयेने," ती म्हणाली आणि तो वळताच थुंकली.

एवारिस्तो रस्ता ओलांडून आला तो घामाने निथळत. "माझ्या पाठीला नाक लावून बसला होता गं. पण वाचलं पोर."

"तुझे उपकार मी कुठे फेडू?"

"फेडू नकोस, खायला घाल. सकाळपासून पोटात काही नाही."

त्याला वाढून, लावून दिल्यावर ती उरलेली केळी वाळवलेल्या मांसात कुटत बसली. बऱ्याच दिवसांनी तिला भूक लागली होती. दालिया अजून आली नव्हती. राहिली असेल आईकडे, बिचारीला तरी कोण आहे, असं तिच्या मनात आलं.

दुपारी मागचं दार लोटलं गेलं. गुडघ्यापर्यंत चिखल, वाढलेली दाढी, आणि त्या दाढीतून हसणारा ओक्तावियो दारात उभा.

सेफेरिनाच्या हातातला बत्ता खाली पडला. तिने त्याला धरून आत ओढलं. तेवढ्यात पुढच्या अंगाला जीप थांबल्याचा आवाज झाला, पाठोपाठ मागच्या बोळात बुटांचा.

"अरे मेल्या, कशाला आलास?" ती त्याचे दंड हलवत म्हणाली. "रेडिओ ऐकला नाहीस का तू?"

"ऐकला ना. ऐकूनच निघालो." तो अजून हसतच होता, आतल्या खोलीकडे बघत. "आधी मृत्यू वाचला की वाट मोकळी समज, असंच तर दालियाने कळवलं होतं."