तळ दिसेपर्यंत

पुंजाजींनी ब्लिचिंग पावडर कालवलेली तिसरी बादली उचलली, तेव्हा मात्र पद्माबाईंना राहवलं नाही.

"आवो, बास करा की आता. दुधावानी झालंय पाणी."

"पाणी गढूळ म्हंजे पावडर कमी," पुंजाजी म्हणाले. "तीस वर्षं कुरुंद्याला पाणी सोडलं म्या. मला नको शिकवू."

आता ग्रामपंचायतीच्या टाकीच्या किल्ल्या तीस वर्षं कमरेला बाळगलेल्या माणसाला पाण्यातलं कोण काय शिकवणार? पण गावाच्या टाकीतलं पाणी रोज गाव पिऊन संपवत होतं. घरामागचा हा पोहण्याचा हौद मुलानं, भीमराजनं, मार्चमध्ये बांधला. तेव्हा बोअरनं भरला तो भरला. यातलं पाणी कुठं जात नव्हतं आणि पुंजाजींची पावडर काही थांबत नव्हती.

बादली रिकामी झाली. पद्माबाईंनी बोटांवर दिवस मोजले. आज शुक्रवार. सबंध सुट्टीभर नातवंडं या हौदात डुंबली, शेजारची पोरं डुंबली आणि त्या काठावर टॉवेल घेऊन उभ्या राहिल्या. आपणही उतरावं असं त्यांना फार वाटत होतं, या वयात लाज वाटावी इतकं. शेवटी त्यांनी ते सुनेच्या कानात सांगितलं. ज्योती पुण्याला शाळेत विज्ञान शिकवायची. ती म्हणाली, "रविवारी मी हात धरून उतरवते तुम्हाला." सोमवारी तिची पुण्याची गाडी होती, मग येणार ती एकदम दिवाळीला. अट मात्र एकच. हौदाच्या तळाशी तिनं एक स्टीलचं ताट सोडलं होतं. ते काठावरून दिसल्याशिवाय कुणी पाण्यात पाय घालायचा नाही. गढूळ पाण्यात माणूस बुडालं तरी वरून कळत नाही, असं तिचं म्हणणं.

ताट सोडा, पाण्याखालची दुसरी पायरी दिसत नव्हती.

पद्माबाई पायरी शोधायला वाकल्या आणि त्यांचा पदर पाण्यात पडला. सकाळपासून त्या हळद चाळत होत्या, पदर पिवळाधमक झाला होता. त्यांनी तो पिळायला उचलला आणि बघतच राहिल्या. भिजला तेवढा पदर लालसर झाला होता.

"ज्योती, इकडं ये गं!" त्या ओरडल्या. "हळदीचा डाग साबणानं लाल होतो. इथं तर नुसत्या पाण्यानं झाला. काहून?"

ज्योती धावत आली. तिनं पदर बघितला, पाणी बघितलं, मग बादली बघितली आणि खुदकन हसली.

"मामा, पावडरीत चुना असतो, त्यानंच हळद लाल झाली. बोअरचं पाणी आधीच जड. तोच चुना न विरघळता तरंगून पाणी पांढरं झालंय. पावडर बंद करा आणि तुरटी आणा. तुरटीनं पाणी ताळ्यावर येईल, गाळही खाली बसेल."

"तुरटी? दाढीची?"

"दाढीचीच. पण अडीच किलो."

पुंजाजींनी तोंड असं केलं, की जणू त्यांच्या हातून किल्ल्याच काढून घेतल्या. पण गेले. किराणा दुकानातून तुरटी आणली, कुटली, बादल्यांमध्ये विरघळवली आणि बांबूनं हौद तासभर ढवळला. जेवताना एक शब्द बोलले नाहीत. पद्माबाईंनी भाकरीवर लोण्याचा गोळा जरा मोठाच ठेवला. तोही गुपचूप खाल्ला.

शनिवारी दुपारी तळाशी पांढऱ्या गाळाचा थर बसलेला दिसला. आता तो पाणी न ढवळता काढायचा होता आणि ते काम घरात एकाच माणसाला येत होतं. पुंजाजींनी पाइप पाण्यानं भरून घेतला, त्याचं एक टोक बाहेर उताराला सोडलं, दुसरं बांबूला बांधलं आणि तळावरून वीत-वीत सरकवत सगळा गाळ बाहेर ओढला. पाण्यावर तरंग उठला नाही. इतका हलका हात या माणसाला आहे, हे पद्माबाईंना लग्नाला अडतीस वर्षं झाल्यावर कळलं. त्यांना नवऱ्याचा भारी अभिमान वाटला आणि तो त्यांनी तोंडावर बोलूनही दाखवला.

"मला शिकवलं का कुनी?" पुंजाजी म्हणाले. बोलले एकदाचे.

रविवारी सकाळपर्यंत उन्हानं पावडरीचा वासही उडाला होता. पद्माबाईंनी हळदीचं फडकं पाण्यात बुडवून बघितलं. पिवळंच राहिलं. ज्योती काठावर वाकली आणि तळातल्या ताटावर कोरलेलं नाव मोठ्यानं वाचायला लागली, "पद्माबाई पुंजाजी..."

"वाचू नको गं, मी हाय इथंच!"

ज्योतीचा जुना पंजाबी ड्रेस घालून, तिचा हात घट्ट धरून, पद्माबाई एकेक पायरी उतरल्या. पाणी छातीशी आलं, तशा त्या किंचाळल्या, मग हसायला लागल्या आणि हसणं थांबेचना. खाली बघितलं तर स्वतःचे पाय, बोट न् बोट मोजता येईल असे. रान तुडवून चिरलेल्या टाचा पाण्यात अगदी हलक्या झाल्या होत्या. त्यांनी बोटं हलवून बघितली.

तास झाला. काठावर येरझाऱ्या घालणारे पुंजाजी म्हणाले, "न्हाई, येवढं पुरं झालं. चहाची येळ झाली."

"मग आणा की इकडंच," पद्माबाई म्हणाल्या. "तिघांचा ठेवा."

पुंजाजींनी सुनेकडं बघितलं. ज्योती आकाशाकडं बघत होती. ते आत गेले. बराच वेळ भांडी वाजत राहिली. मग स्वयंपाकघरातून हाक आली, "अगं, साखर कुठं ठिवलीस?"

पद्माबाईंनी नाक धरलं आणि पाण्यात बुडी मारली.