दादाची पिशवी

पिशवीतले थेंब सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता, तोच धाकटीचे दात वाजू लागले. अंगावर दोन ब्लँकेटं टाकली तरी पलंग हलत राहिला. नर्सने नळी बंद केली, पिशवी उतरवली आणि डॉक्टरांना बोलावलं. उशाशी दादा उभा होता. पिशवीतल्या प्लेटलेट्स त्याच्याच रक्तातल्या होत्या.

धाकटीला रक्ताचा कर्करोग होता. आपल्याला निदान एवढं तरी करता येईल, म्हणून दादा मोठ्या उमेदीने रक्तपेढीत गेला होता. तो बस चालवायचा. साध्या सर्दीनेही त्याने कधी अंथरूण धरलं नव्हतं.

पिशवीत जंतू वाढले होते, हे दुसऱ्या दिवशी घरी कळलं. धाकटीचा ताप काही केल्या उतरेना. दादाला कोणी बोल लावला नाही. पण त्याच्या ताटात वाढताना आईने मान वर केली नाही. तो हॉस्पिटलात जाईनासा झाला. बस सिग्नलला थांबली की मनात एकच यायचं, बहिणीच्या जिवावर आपणच उठलो.

मग रक्तपेढीतल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला बोलावून घेतलं. तो चार शब्द ऐकून घ्यायच्या तयारीनेच गेला. बाई म्हणाल्या, "हे जंतू कातडीवरचे नाहीत, आतड्यातले आहेत. ते तुमच्या रक्तात कसे उतरले, ते बघायला हवं."

दुर्बिणीने तपासणी झाली. आतड्यात गाठ निघाली, कर्करोगाचीच. तिच्यातूनच जंतू रक्तात उतरले होते. पण अगदी सुरुवातीची होती. काढली की भागणार होतं. दुखायला लागेपर्यंत थांबला असता, तर हातात काही उरलं नसतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तो वॉर्डात गेला. धाकटीचा ताप एव्हाना गेला होता. मूळ दुखणं मात्र हटत नव्हतं, आणि आता औषधं थांबवायचं ठरलं होतं. दोघांनाही ते ठाऊक होतं. तो स्टुलावर बसला. माफी मागायला तो पुढे वाकला. तिनेच त्याचा हात ओढून घेतला. वहिनीने तिला सगळं सांगितलं होतं.

"मला वाटायचं, मी जाताना तुम्हा सगळ्यांना नुसतं दमवून जाणार," ती म्हणाली. "पण दादा, तू राहशील."